दुसऱ्या राज्यात जाण्याआधी: खर्च-तुलनेच्या कॅल्क्युलेटरांची परीक्षा

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरीची ऑफर आली, की बहुतेक जण आधी एखाद्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये दोन शहरांची नावं आणि सध्याचा पगार टाकतात. उत्तर एका ओळीत येतं: ‘तिथे तुम्हाला इतका पगार लागेल.’ पुढची सगळी घासाघीस त्या एका आकड्यावर चालते. म्हणून तो आकडा कुठून येतो, त्यात काय धरलेलं असतं आणि काय सुटतं, हे बघूनच ही साधनं वापरावीत. फुकट मिळणारी तीन साधनं खरोखर उपयोगी आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं की हिशोब फसतो.

पहिली पसंती एमआयटीच्या ‘लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर’ला. एमी ग्लासमायर यांनी २००४ साली सुरू केलेलं हे साधन काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) आणि महानगर पातळीवर चालतं. कुटुंबाचे बारा प्रकार त्यात आहेत: एकटा माणूस, दोघांपैकी एक कमावता, दोघं कमावते आणि मुलं शून्य ते तीन. जेवण, डे-केअर, आरोग्य, घर, प्रवास, इंटरनेट-मोबाइल आणि कर असे रकाने सुटे दिसतात, हीच त्याची मोठी जमेची बाजू. दोन लहान मुलं असलेल्या घरात राज्य बदलल्यावर सगळ्यात मोठा फरक डे-केअरमध्ये पडू शकतो आणि तो इथे स्पष्ट दिसतो.

मात्र हा किमान गरजांचा हिशोब आहे, हे विसरू नये. घराचा आकडा सरकारच्या ‘फेअर मार्केट रेंट’वरून येतो. म्हणजे त्या भागातल्या भाड्यांपैकी खालून चाळिसाव्या टक्क्यावरचं भाडं, विजेसारख्या बिलांसकट. चांगल्या शाळेच्या हद्दीतलं तीन बेडरूमचं घर त्या भाड्यात क्वचितच मिळतं. बाहेरचं जेवण, सुट्टीतला प्रवास, बचत, कर्जाचे हप्ते यांतलं काहीही त्यात नाही. भारताची वर्षाकाठची तिकिटंही अर्थातच नाहीत. तेव्हा या साधनातल्या आकड्यांची बेरीज न घेता दोन काउंट्यांमधला रकान्या-रकान्यातला फरक घ्यावा आणि तो आपल्या खऱ्या खर्चावर लावावा.

दुसरं साधन ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिसचं, ‘रीजनल प्राइस पॅरिटीज’. देशाची सरासरी १०० धरून प्रत्येक राज्याची आणि महानगराची पातळी दरवर्षी दिली जाते. कॅलिफोर्निया ११०च्या पुढे आणि अर्कान्सॉ ८७च्या आसपास, असं त्याचं स्वरूप. वस्तू, घरभाडं, वीज-पाणी आणि इतर सेवा असे भाग वेगळे मिळतात. ते उघडले की लगेच कळतं, की किराणा-कपड्यांच्या किमती राज्याराज्यांत फारशा हलत नाहीत आणि जवळजवळ सगळा खेळ घराचा आहे. या तक्त्यात इन्कम टॅक्स धरलेला नाही आणि आकडे वर्षभर तरी जुने असतात. भाडी झपाट्याने वरखाली झालेल्या गावासाठी त्यावर विसंबू नये. दिशा बघण्यासाठी मात्र इतकं स्वच्छ दुसरं साधन नाही.

तिसऱ्या प्रकारात बँका आणि आर्थिक सल्ल्याच्या संकेतस्थळांवरची ‘शहर विरुद्ध शहर’ कॅल्क्युलेटरं येतात. त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी ‘सी-टू-ई-आर’ या संस्थेचा निर्देशांक असतो. हा निर्देशांक १९६८पासून निघतो. त्यासाठीच्या किमती स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संस्था गोळा करून पाठवतात, सहभाग ऐच्छिक असतो आणि खर्चाचा नमुना वरच्या उत्पन्नगटातल्या नोकरदार कुटुंबाचा धरतात. त्यामुळे एमआयटीच्या साधनापेक्षा हा आयटीतल्या कुटुंबाच्या राहणीला जास्त जवळचा. पण करांचा समावेश यातही नाही.

या तिसऱ्या प्रकारातली खरी गफलत निर्देशांकात नाही, तो वापरण्याच्या पद्धतीत आहे. कॅल्क्युलेटर निर्देशांकांचं गुणोत्तर काढून ते सबंध पगाराला लावतं. पगारातला केंद्र सरकारचा कर, ४०१-के (निवृत्तीसाठीचं बचत खातं) आणि इतर बचत हा भाग राज्य बदलल्याने त्याच प्रमाणात महाग होत नाही. समजा पगार दीड लाख डॉलर आहे आणि वर्षाचा प्रत्यक्ष घरखर्च ७५ हजार. नवं शहर २० टक्के महाग असेल, तर कॅल्क्युलेटर म्हणेल एक लाख ऐंशी हजार हवेत. खरी वाढीव गरज ७५ हजारांच्या २० टक्के, म्हणजे १५ हजार. ते हातात यायला करापूर्वी साधारण २१ ते २३ हजार लागतील. सात ते नऊ हजारांचा हा फरक ऑफरच्या बोलणीत अडून बसण्याइतका मोठा आहे. उलट दिशेने, स्वस्त शहरात जाताना, हीच चूक कंपनीच्या फायद्याची ठरते: ‘तिथे २० टक्के स्वस्त आहे’ म्हणून पगार २० टक्के कापला, तर कापलेली रक्कम वाचलेल्या खर्चापेक्षा खूप जास्त असते.

आता कर. सध्या नऊ राज्यांत पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही: अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सस, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. ही यादी सगळ्यांना पाठ असते. पण ‘टॅक्स नाही’ म्हणजे नेमके किती वाचले, हे फार थोडे जण काढतात. कॅलिफोर्नियाचा ९.३ टक्क्यांचा टप्पा ऐकून लोक सबंध पगाराला ९.३ लावतात. नवरा-बायको मिळून एक लाख ऐंशी हजार पगार, २०२५चं वर्ष, फक्त स्टँडर्ड डिडक्शन, असा हिशोब केला तर राज्याचा कर सव्वाआठ हजारांच्या आसपास येतो. म्हणजे पगाराच्या पाच टक्क्यांहूनही कमी. त्यात राज्याच्या अपंगत्व विम्याची कपात घाला. २०२४पासून तिला पगाराची कमाल मर्यादा उरलेली नाही आणि २०२५चा दर १.२ टक्के होता, म्हणजे आणखी २,१६० डॉलर. एकूण सुमारे १०,४००. टेक्ससला गेल्यावर वाचणारी रक्कम ती एवढी.

पगाराच्या चेकची कॅल्क्युलेटरं, म्हणजे कपातींनंतर हातात किती येईल ते सांगणारी, केंद्राचा कर आणि राज्याचे टप्पे बरोबर लावतात. घसरतात ती कडेच्या कपातींवर. वॉशिंग्टनमध्ये इन्कम टॅक्स नसला तरी दीर्घकालीन शुश्रूषा निधीसाठी पगाराच्या ०.५८ टक्के कापले जातात. शिवाय शेअर विकून मोठा दीर्घकालीन नफा झाला, तर ठरावीक मर्यादेपुढच्या भागावर निदान ७ टक्के कर लागतो. २०२५साठी ही मर्यादा २ लाख ७८ हजार डॉलर होती. पेनसिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के हा सपाट दर गोड वाटतो, पण तिथे ४०१-केमध्ये भरलेल्या रकमेवरही राज्य कर घेतं, वर गावाचा कमाई-कर असतो, आणि फिलाडेल्फियात राहणाऱ्याला शहराचा साडेतीन टक्क्यांहून जास्त वेज टॅक्स भरावा लागतो. ओहायोत शहरं कर घेतात, कोलंबसचा दर अडीच टक्के आहे. न्यूयॉर्क शहराच्या रहिवाशाला राज्याच्या करावर शहराचे ३ ते ३.९ टक्के. एचएसए या आरोग्यखर्चासाठीच्या बचत खात्यात भरलेले पैसे कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी करमुक्त मानत नाहीत. कॅल्क्युलेटरमध्ये फक्त राज्य निवडून थांबू नये. पूर्ण पत्ता किंवा गाव टाकायची सोय असलेलंच वापरावं, आणि उत्तरात स्थानिक कराची ओळ आली आहे का ते बघावं.

सगळ्यात मोठी चूक मात्र घराच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये होते. कोणतंही सर्वसाधारण कॅल्क्युलेटर ती टाळू शकत नाही, कारण हा कर राज्याचा नसून त्या एका घराचा असतो.

टेक्ससमध्ये एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दर वेगळे असू शकतात. काउंटी, शहर, शाळा जिल्हा यांच्या जोडीला नव्या वसाहतींत म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, म्हणजे ज्याला सगळे ‘मड’ म्हणतात, तो असतो. पाणी-गटाराच्या कामासाठी काढलेल्या रोख्यांची फेड त्यातून होते. वसाहत जितकी नवी तितका हा दर सहसा चढा. साडेचार लाख डॉलरच्या घराला एकूण दर २.४ टक्के आणि त्यातला शाळेचा वाटा १.१ टक्के धरला, तर सवलतीआधीचा कर १०,८००. राहत्या घराची होमस्टेड सवलत शाळेच्या करासाठी २०२३मध्ये एक लाख झाली आणि २०२५पासून एक लाख चाळीस हजार आहे. तिचे १,५४० डॉलर वजा केले की उरतात ९,२६०. वर काढलेली १०,४०० ची इन्कम टॅक्सची बचत जवळजवळ इथेच संपली. हे कॅलिफोर्नियात भाड्याने राहणाऱ्या आणि टेक्ससला घर घेणाऱ्या कुटुंबाचं गणित. कॅलिफोर्नियात नऊ लाखांच्या घराला १.२ टक्क्याने १०,८०० आधीच भरत असणाऱ्याची बचत मात्र खरी असते. भाडेकरू होतात की मालक, यावर सगळी तुलना उलटते, आणि हा प्रश्न बरीचशी कॅल्क्युलेटरं विचारतसुद्धा नाहीत.

घरविक्रीच्या संकेतस्थळांवर प्रत्येक घराखाली ‘टॅक्स हिस्टरी’ दिसते. तो आकडा तुमचा नाही, विकणाऱ्याचा आहे. कॅलिफोर्नियात १९७८च्या ‘प्रॉपोझिशन १३’नुसार आधार-कर खरेदी किमतीच्या १ टक्का, आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनीच वाढते. वीस वर्षं तिथे राहिलेल्या माणसाचा कर म्हणूनच फार कमी दिसतो. विक्री झाली की घडी मोडते आणि कर नव्या किमतीवर बसतो. फरकाचं ‘सप्लिमेंटल’ बिल काही महिन्यांनी थेट तुमच्या नावाने येतं. कर्ज देणारी बँक एस्क्रोमधून, म्हणजे हप्त्यातून करासाठी बाजूला काढलेल्या खात्यातून, ते सहसा भरत नाही, त्यामुळे ते टपालात हरवलं की दंड लागतो. फ्लोरिडात राहत्या घराची वाढ वर्षाला ३ टक्क्यांवर बांधलेली असते, तीही मालक बदलला की सुटते. टेक्ससची १० टक्क्यांची मर्यादाही नव्या मालकासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

नवं बांधलेलं घर घेताना आणखी एक सापळा आहे. टेक्ससमध्ये १ जानेवारीला जे उभं असेल त्यावर वर्षाचा कर ठरतो. त्या दिवशी मोकळा प्लॉट असेल, तर पहिल्या वर्षी कर फक्त जमिनीवर लागतो. बँकेने तोच आकडा धरून महिन्याचा हप्ता बसवला, की दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचा कर येतो, एस्क्रो खात्यात तूट पडते, आणि बँक ती तूट अधिक पुढच्या वर्षाची वाढ अशी दोन्ही मिळून हप्त्यात घालते. हप्ता महिन्याला सहाशे-सातशे डॉलरने वाढणं यात सहज घडतं. उपाय साधा आहे: काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर त्या पत्त्याचे सगळे करदर बघा, त्यांची बेरीज खरेदी किमतीला लावा आणि त्या आकड्याने एस्क्रो बसवायला बँकेला सुरुवातीलाच सांगा. होमस्टेडचा अर्ज टेक्ससमध्ये ३० एप्रिलपर्यंत करायचा, फ्लोरिडात १ मार्चपर्यंत. टेक्ससमध्ये तो अर्ज फुकट असतो. घर घेतल्यावर ‘तुमच्यासाठी अर्ज भरून देतो’ म्हणून पैसे मागणारी पत्रं येतात, ती फेकून द्यावीत.

घरविम्याचंही असंच. राज्याच्या सरासरीवर जाऊ नये, पत्ता देऊन कोटेशन घ्यावं आणि तेही घराच्या कराराआधी. टेक्ससमध्ये गारपीट-वाऱ्यासाठी आणि फ्लोरिडात चक्रीवादळासाठी डिडक्टिबल टक्क्यांत असतं. चार लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे छताच्या दुरुस्तीतले पहिले ८ हजार तुमचे. पुराचा विमा वेगळाच घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेतला विमा घरखरेदीशी जोडून घेतला नाही तर सहसा ३० दिवसांनी लागू होतो.

विजेबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. टेक्ससच्या बऱ्याच भागांत वीजपुरवठादार आपण निवडायचा असतो. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोत वीज शहराची आहे, तिथे निवड नाही. राज्याच्या ‘पॉवर टू चूज’ संकेतस्थळावर दर १००० युनिटला लावून क्रमवारी दिसते. बऱ्याच योजना नेमक्या १००० युनिटांवर मोठी सूट देऊन तो दर खाली आणतात. ९९० युनिट झाले तर सूट जाते आणि ऑगस्टमध्ये २,००० झाले तर तीच सूट दुप्पट युनिटांत वाटली जाऊन दर चढतो. प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रात ५००, १००० आणि २००० युनिटांचे तीन दर छापलेले असतात. तिन्ही जवळपास सारखे असलेली योजना घ्या.

सेल्स टॅक्समुळे लोक उगाच घाबरतात. ८.२५ टक्के दर असला तरी बहुतेक राज्यांत घरभाडं, किराणा, डॉक्टर, डे-केअर यांवर तो नसतो. वर्षाला करपात्र खरेदी २५ हजारांची असेल तर कर साधारण दोन हजार होतो. टेनेसीसारखं राज्य किराण्यावरही कर घेतं, तेवढं बघून घ्यावं. ओरेगन, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर इथे सेल्स टॅक्स नाही, पण फक्त तेवढ्यासाठी राज्य निवडावं इतकी ती रक्कम मोठी नसते.

गाडीचा खर्च एकाही तुलनेत नीट येत नाही. टेक्ससमध्ये नव्या रहिवाशाला आधीपासून आपल्या नावावर असलेल्या प्रत्येक गाडीमागे ९० डॉलर कर, आणि नोंदणीला ३० दिवस. जॉर्जियात नव्या रहिवाशाला गाडीच्या किमतीच्या ३ टक्के एकरकमी. व्हर्जिनियात काउंटी किंवा शहर दरवर्षी गाडीच्या किमतीवर प्रॉपर्टी टॅक्स घेतं, दोन नव्या गाड्या असतील तर हा आकडा जाणवतो. कॅलिफोर्नियात नोंदणीला फक्त २० दिवस मिळतात, आणि वर्षाच्या आत घेतलेली गाडी असेल तर यूज टॅक्सचा प्रश्न येतो. जुन्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, त्यासाठी खरेदीचं मूळ बिल सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता जवळ ठेवावं.

निघण्याची तारीख हीसुद्धा पैशांची बाब आहे. वर्षाच्या मध्ये राज्य बदललं की जुन्या राज्यात वर्षाच्या काही भागाचा रहिवासी म्हणून रिटर्न भरावा लागतो, कॅलिफोर्नियात त्यासाठी ५४०-एनआर फॉर्म. गेल्यावर मिळणारा बोनस जुन्या राज्यातल्या कामाचा असेल तर त्यावर जुनं राज्य कर घेतं. कंपनीचे शेअर हातात पडण्याची तारीख जानेवारीत ढकलून कर वाचत नाही. असे शेअर, म्हणजे आरएसयू, देऊ केल्याच्या दिवसापासून हातात पडेपर्यंतचे कामाचे दिवस मोजले जातात आणि कॅलिफोर्नियात झालेल्या दिवसांच्या प्रमाणात तो भाग तिथे करपात्र राहतो. न्यूयॉर्कमधल्या कंपनीचं काम स्वतःच्या सोयीने दुसऱ्या राज्यातून केलं, तर ते दिवस न्यूयॉर्क आपल्याकडचेच मानतं. म्हणून फ्लोरिडात बसून काम करणाऱ्याचा कर आपोआप शून्य होत नाही. पेरोलला नवा पत्ता पहिल्याच दिवशी कळवावा. उशीर झाला तर डब्ल्यू-२ या वर्षाच्या पगार-कराच्या दाखल्यावर चुकीच्या राज्याचे आकडे येतात आणि पुढे दुरुस्त प्रत मागावी लागते.

कंपनीने स्थलांतरासाठी दिलेली रक्कम २०१८पासून पगारासारखीच करपात्र आहे. ‘दहा हजार देऊ’ म्हटलं तर हातात साधारण सात येतात. करासकट रक्कम वाढवून द्या, ज्याला ‘ग्रॉस-अप’ म्हणतात, ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावं. सामान नेणाऱ्या कंपनीचा यूएसडीओटी (केंद्रीय वाहतूक खात्याचा) क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा. फुकट मिळणाऱ्या भरपाईत पौंडामागे फक्त ६० सेंट मिळतात, म्हणजे ४० पौंडांच्या टीव्हीला २४ डॉलर. पूर्ण किमतीचं संरक्षण वेगळं घ्यावं. अंदाज बंधनकारक नसेल, तर सामान उतरवून घेण्यासाठी मूळ अंदाजाच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. याहून जास्त पैशांसाठी ट्रक अडवला जात असेल तर तक्रार लगेच फेडरल मोटर कॅरिअर खात्याकडे.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी राज्य बदलणं हा आधी व्हिसाचा प्रश्न आहे, मग खर्चाचा. कामाची जागा महानगर क्षेत्राबाहेर गेली की नवा एलसीए (कंपनीने कामगार खात्याकडे करायचा अर्ज) आणि व्हिसाचा सुधारित अर्ज लागतो, आणि तो जाण्याआधी दाखल व्हायला हवा. घरातून काम असलं तरीही. ग्रीन कार्डसाठीचं पर्म, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी, एका ठिकाणाशी बांधलेलं असतं, ते पुन्हा करावं लागेल का हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्यावं. पत्ता बदलल्यावर एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म दहा दिवसांत भरायचा. मूल बारावीच्या जवळ आलं असेल तर कॉलेजच्या राज्यांतर्गत फीसाठी बहुतेक राज्यांत साधारण १२ महिन्यांचा रहिवास मोजतात. बारावीच्या वर्षात केलेली हलवाहलव जुन्या राज्याचा हक्क घालवू शकते आणि नव्या राज्याचा लगेच देत नाही.

हे सगळं एका कागदावर मांडायला दोन तास लागतात. आधी गेल्या बारा महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च बँक आणि कार्डाच्या विवरणातून काढा. घर, मुलं, आरोग्य, प्रवास असे गट पाडा, एमआयटीच्या साधनातला दोन काउंट्यांमधला फरक प्रत्येक गटाला स्वतंत्र लावा. भाड्यासाठी त्या शाळेच्या हद्दीतल्या दहा जाहिराती बघा, निर्देशांक नको. करासाठी चेकचं कॅल्क्युलेटर दोनदा चालवा, एकदा जुन्या आणि एकदा नव्या पत्त्याने, आणि प्रॉपर्टी टॅक्स काउंटीच्या दरांवरून हाताने काढा. गाड्या, विमा, ट्रक आणि दोन घरांच्या भाड्याचा एखादा महिना हा पहिल्या वर्षाचा खर्च वेगळ्या रकान्यात ठेवा. तो कायमच्या खर्चात मिसळला की स्वस्त राज्यही महाग दिसतं, आणि वगळला की पहिल्या सहा महिन्यांत क्रेडिट कार्डावर उधारी चढते.